दिवसांचा हिशोब कोण ठेवणार?

कोरडवाहू कास्तकाराला कोणी रस्त्यात अडवून विचारावे, पऱ्हाटीला किती दिवस झाले? त्याला बोटे मोजावी लागत नाहीत. पेरणी कोणत्या नक्षत्रात झाली, वार कोणता होता, पावसाने किती दिवस दडी मारली, दुबार कधी टोबले, सारे एका दमात सांगेल. पाती कधी लागणार आणि बोंड कधी फुटणार हेही त्याच हिशोबात बसलेले असते. गाय कधी भरवली ते गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलेले असते, आणि ती कधी विणार हे घरातले पोरही सांगते. गायीचे दिवस २८० च्या आसपास. बाईचेही २८०. पण त्याच घरातल्या सुनेला दिवस गेले, तर किती झाले ते कोणाला नक्की ठाऊक नसते. ‘दोन-तीन महिने झाले असतील’ एवढ्यावर सारे घर भागवते.

भावाच्या आणि कर्जाच्या पानांत हा विषय कशाला, असे काही मंडळी म्हणतील. बायकांचे बायकांत राहू द्या, असेही म्हणतील. आमचे म्हणणे असे की तो बायकांत राहिला म्हणूनच ही गत झाली. तालुक्याच्या एका फेरीत निभावले असते ते प्रकरण जिल्ह्याच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात जाऊन पडते, कधी कोर्टाच्या पायरीपर्यंत जाते. मूल ठेवायचे की नाही हा विचार बाईचा. त्या विचारासाठी कायद्याने तिला काही आठवडे दिले आहेत. ते आठवडे आपण घरात बसून खाऊन टाकतो. आमच्या लेखी हे नुकसान नापिकीहून लहान नाही.

आधी मोजायचे कसे ते पाहू. नवरा-बायको एकत्र आले तो दिवस डॉक्टर धरत नाहीत, पाळी चुकली तो दिवसही धरत नाहीत. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस धरतात. तिथून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. तोंडी हिशोब सोपा आहे : त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. मृगाच्या सुरुवातीला ८ जूनला पाळी आली आणि पुढची आली नाही, तर बाळंतपणाची तारीख १५ मार्च. त्याच तारखेला बाळंत होणाऱ्या थोड्याच. आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होतात. पण मोजणी तिथूनच. जिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते तिची पाळी चुकते त्या दिवशी डॉक्टरांच्या वहीत चार आठवडे भरलेले असतात. घरात मात्र ‘आत्ताच तर चुकली’ चाललेले असते.

या दोन आठवड्यांच्या फरकाने घरे मोडताना आम्ही पाहिली आहेत. नवरा सुरतेला नाहीतर पुण्याला कामाला गेलेला. दिवाळीला घरी आला. तो आला त्याला सात आठवडे झाले आणि सोनोग्राफीच्या कागदावर नऊ आठवडे लिहून आले. झाले! सासू बोलते, दीर बोलतो, नवरा हात उगारतो. त्या कागदात बाईविरुद्ध काही नाही. पाळी येऊन गेल्यावर साधारण दोन आठवड्यांनी गर्भ राहतो, आणि डॉक्टर मोजतात पाळीपासून. म्हणजे गर्भ राहायच्या आधीचे दोन आठवडे त्या नऊमध्ये धरलेले असतात. ते वजा केले की दिवाळीच येते. मालाच्या वजनातून बारदान वजा करायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हे गणित त्याहून अवघड नाही. ज्या डॉक्टरांनी तो कागद हातात दिला त्यांनी एवढे दोन शब्द सांगितले असते तर बरे झाले असते. ते सांगत नाहीत, म्हणून आम्ही इथे छापतो आहोत.

सगळ्यांचा हिशोब इतका सरळ नसतो हेही खरे. अंगावर पिते मूल असेल तर कितीतरी बायांना पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस जातात. त्यांच्याजवळ सांगायला तारीखच नसते. कोणाची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. कोणाला गर्भ राहिल्यावरही एखाद-दोन दिवस थोडा डाग दिसतो, ती त्यालाच पाळी समजते आणि हिशोब एका महिन्याने चुकतो. ऊसतोडीला गेलेल्या बाईला फडावर वार आठवत नाही, तिथे तारीख कुठून आठवणार? अशा वेळी तारखेऐवजी खूण विचारावी. नागपंचमीच्या आधी की नंतर, निंदण चालू होते का, बाजार कोणता होता. आपल्या बायका खुणांवर काळ ओळखतात, आणि जाणती नर्सबाई त्या खुणांवरून तारीख काढते.

लघवी तपासायची पट्टी आशाताईकडे फुकट मिळते. ‘निश्चय’ नावाने येते. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकायचे, दोन रेघा आल्या की दिवस आहेत. पण ती पट्टी फक्त आहे की नाही एवढेच सांगते, किती झाले ते सांगत नाही. पोटाला हात लावूनही अंदाज येतो. बारा आठवड्यांना पिशवीचा माथा ओटीपोटाच्या हाडाच्या नुकता वर लागतो, विसाच्या सुमाराला बेंबीपाशी येतो. पहिलटकरणीला मूल हलल्याचे अठरा-वीस आठवड्यांना कळते, आधी बाळंत झालेलीला थोडे अगोदर. म्हणजे ‘हललं की बघू’ म्हणणारीचा अर्धा काळ गेलेला असतो. तारीख ठाऊक नसेल तर खात्रीचा उपाय सोनोग्राफी, आणि ती पहिल्या तीन महिन्यांत केलेली. तेव्हा फार तर आठवड्याचा फरक पडतो. शेवटच्या महिन्यांत केली तर दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते, कारण तोवर एक मूल अंगाने भरते आणि दुसरे बारीक राहते. एकाच दिवशी पेरलेल्या दोन वावरांसारखेच ते.

आता कायदा. १९६४ साली सरकारने एक समिती नेमली. महाराष्ट्राचे शांतिलाल शहा तिचे अध्यक्ष होते. चोरूनमारून केलेल्या गर्भपातांत बाया मरतात, म्हणून हे काम डॉक्टरच्या हाती आणि उजेडात आले पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्यातून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. अर्धशतक उलटले, आणि अजून आपल्या गावांत निम्म्या माणसांना वाटते की गर्भपात हाच गुन्हा आहे.

बाईने मागितला की मिळाला, असा हा कायदा नाही, हेही सांगितले पाहिजे. डॉक्टरचे मत लागते. बाईच्या जिवाला धोका असेल, तिच्या शरीराच्या किंवा मनाच्या प्रकृतीला गंभीर इजा होणार असेल, मुलात मोठे व्यंग असेल, बलात्कारातून गर्भ राहिला असेल, तर गर्भपात करता येतो. पाळणा लांबवायचे साधन फसले तरी करता येतो. साधन फसण्याचे कारण पूर्वी लग्नाच्या बाईपुरते होते. २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते बंधन गेले. बाईच्या प्रकृतीचा विचार करताना तिच्या भोवतालची परिस्थिती डॉक्टरने लक्षात घ्यावी, असे कायद्यातच लिहिले आहे. पदरात चार लेकरे, डोक्यावर सोसायटीचे थकलेले कर्ज आणि सलग दुसरा दुष्काळ, ही परिस्थिती नाही तर काय आहे?

मुदती आहेत त्या वर दिलेल्या ८ जूनच्या तारखेवर मांडून पाहू, म्हणजे डोळ्यांपुढे राहतील. गोळ्यांनी गर्भ काढायची कायद्याची मुदत नऊ आठवडे; ती १० ऑगस्टला संपते. तेव्हा आपण डवरणी आणि निंदणात बुडालेले असतो, बाईला एक दिवस मोकळा नसतो. बारा आठवडे भरतात ३१ ऑगस्टला, पोळ्याच्या आगेमागे. तिथवर काम सोपे, कमी धोक्याचे, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी घरी पाठवतात. पुढे इस्पितळ मोठे लागते, मुक्काम पडतो, खर्च वाढतो, रक्त कमी असलेल्या बाईला धोका वाढतो. वीस आठवडे २६ ऑक्टोबरला. तिथपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २०२१ च्या आधी बारा आठवड्यांनंतर दोन डॉक्टर लागत; तालुक्याला एक मिळायची मारामार, तिथे दोन कुठून आणायचे? वीस ते चोवीस आठवड्यांत मात्र दोन डॉक्टर लागतात आणि ती वाट ठरावीक बायांनाच आहे : बलात्कार झालेली, अज्ञान मुलगी, दिवस असताना नवरा वारलेली किंवा काडीमोड झालेली, अपंग, मनाने आजारी, पोटातल्या मुलात व्यंग निघालेली, सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेली. चोवीस भरतात २३ नोव्हेंबरला. त्यापुढे मुलात गंभीर व्यंग असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. बाईचा जीवच वाचवायचा असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

आता आपल्या घरातले बोलणे आठवा. ‘कापूस विकला की बघू.’ कापसाची पहिली वेचणी होते, पैसा हाती येतो, आणि वर मांडलेल्या हिशोबात तेव्हा वीस आठवडे उलटून गेलेले असतात. सावकाराचे व्याज दिवसावर चढते हे आपल्याला कळते. इथेही दिवसावर चढते, आणि त्याला कोणतीही कर्जमाफी नाही.

नवऱ्याला विचारू, तो आल्यावर ठरवू, यातही असेच आठवडे जातात. इथे एक गोष्ट ठळक सांगतो. अठरा वर्षे पुरी झालेल्या बाईची सही, एवढीच संमती कायदा मागतो. नवऱ्याची सही लागत नाही, सासऱ्याची नाही, बापाची नाही. घरात विचार करू नये असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात नवरा-बायको बसून ठरवतात तिथे कोणाला सांगायला जायची गरजच पडत नाही. पण इस्पितळाच्या खिडकीवरचा माणूस ‘मालकाला घेऊन या’ म्हणाला आणि बाई परत फिरली, तर तो नियम त्या माणसाने स्वतःच्या मनाचा काढलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हेच नोंदवले आहे की घरच्यांची संमती, नाना तऱ्हेचे कागद, कोर्टाचा हुकूम अशा कायद्याबाहेरच्या अटी घालून बायांना परत पाठवले जाते. त्याच निकालाने बिनलग्नाच्या बाईलाही वीस ते चोवीस आठवड्यांची वाट मोकळी केली, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरते नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारात धरली. बाईचे नाव गुप्त ठेवायची जबाबदारी डॉक्टरवर आहे. फोडले तर त्याला शिक्षा आहे.

घोटाळा होतो तो दुसऱ्या कायद्यामुळे. मुलगा की मुलगी हे पोटात असताना तपासणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने तो कायदा १९८८ साली केला, देशाचा १९९४ साली झाला. तो हवाच होता. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, आणि तो कोरडवाहू कास्तकारांचाच जिल्हा आहे. त्याबद्दल मान खाली घालावी लागते ती शहराला नाही, आपल्याला. पण तपासून मुलगी पाडणे हा गुन्हा, म्हणून कोणत्याही बाईचा कोणताही गर्भपात गुन्हा, ही समजूत खोटी आहे. तिचा फायदा फक्त भोंदूंना आणि मधल्या दलालांना होतो. सरकारी दारातून घाबरून परत फिरलेली बाई त्यांच्याच दारात जाते.

नाहीतर औषधाच्या दुकानातून चुलतदिराकरवी गोळ्या मागवल्या जातात. त्या गोळ्या चांगल्या आहेत, डॉक्टरही त्याच देतात. धोका आहे तो न मोजता घेण्यात. चौथ्या महिन्यात असलेली बाई ‘दोनच महिने झाले’ समजून घेते आणि रात्री घरात रक्ताचे थारोळे होते. दुसरा धोका कमी ऐकलेला आहे : कधी कधी गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो. तिथे या गोळ्या काही करत नाहीत; नळी फुटली की पोटात रक्त साचते आणि बाई तासाभरात हातची जाते. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणे, असे दिसले तर रात्र उजाडायची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. डॉक्टरने आधी एकदा तपासावे हा आग्रह त्यासाठी आहे.

ठेवायचे ठरले तरी तारीख तितकीच कामाची. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदले की रक्त वेळेवर तपासले जाते, गोळ्या सुरू होतात, सरकारी मदतीचे कागद अडत नाहीत. मुलाचे अवयव नीट आहेत की नाहीत ते पाहायची सोनोग्राफी अठरा-वीस आठवड्यांना करतात. तारीखच चुकली तर तीही चुकीच्या वेळी होते. २००८ साली मुंबईचे एक जोडपे उच्च न्यायालयात गेले होते. मुलाच्या हृदयात दोष निघाला तो वीस आठवड्यांची तेव्हाची मुदत टळल्यावर. कोर्टाने परवानगी दिली नाही. शहरातल्या, वकील करू शकणाऱ्या माणसांची ही कथा, आणि तिच्यानंतरही मुदत वाढायला तेरा वर्षे लागली.

वेळ टळून गेली, आणि मूल सांभाळणे बाईला शक्यच नाही, असेही होते. विधवा असते, कोणी फसवलेली पोर असते. उकिरड्यावर सापडलेल्या अर्भकांच्या बातम्या आपण वाचतो आणि त्या आईला शिव्या देतो. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच बायांसाठी : गुपचूप या, बाळंत व्हा, मूल हवे तर न्या, नको तर ठेवून जा. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी स्वतः पदरात घेतला. आज तेच काम कायद्याने करायचे ठिकाण म्हणजे जिल्ह्याची बाल कल्याण समिती. मूल तिच्या स्वाधीन करता येते, दोन महिन्यांत मन बदलले तर परत मागता येते, आणि त्यानंतरच ते दत्तक जाते. सोयरिकीत परस्पर मूल देऊन टाकण्यात पुढे दावे होतात. समितीकडून गेले तर होत नाहीत.

अज्ञान मुलीबद्दल वेगळे सांगावे लागते. तिच्या बाबतीत पालकाची संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांत कळवावे लागते. लग्न लावून दिलेले असले तरी अठराच्या आतली मुलगी कायद्याला अज्ञानच. या पोलिसाच्या भीतीने पंधरा-सोळाच्या पोरी पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत लपवल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने त्या २०२२ च्याच निकालात सांगितले आहे की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव-गाव देऊ नये. हे ठाण्यात ठाऊक असतेच असे नाही. बापाला ठाऊक असू द्या. पंधराव्या वर्षी पोरीचे हात पिवळे करायचे थांबवले तर ही पाळीच येणार नाही, हे आम्ही दर बैठकीला बोलतो आणि दर उन्हाळ्यात मांडव पडतात.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक कागद लिहून आणावा. तालुक्याच्या सरकारी इस्पितळात ही सोय मंजूर आहे का, डॉक्टर कोण्या वारी असतात, बारा आठवड्यांच्या आतले काम तिथे होते की जिल्ह्याला पाठवतात, सोनोग्राफीचे यंत्र चालू आहे की झाकून ठेवले आहे. ‘मालकाला आणा’ म्हणून परत पाठवलेल्या बाया किती, ते नावे न लिहिता लिहावे. हा कागद पुरुष कार्यकर्त्यांनी अंदाजाने भरू नये. गावच्या आशाताईला आणि दोन-चार बायांना सोबत घेऊन इस्पितळात जावे आणि विचारून यावे. कापसाच्या भावाचा ठराव झाला की लगेच हे कागद वाचायला घेणार आहोत. तालुक्याचा कागद तालुक्याच्या बाईनेच उभे राहून वाचावा, आणि तिच्यासाठी पुढची रांग मोकळी ठेवावी.